ब्रॉयलरचं खाद्य गाईला चालतं का? (मॅड काऊ, हाडांची भुकटी वगैरे)

आर्वीचा गोठा

राम राम मंडळी. आर्वी तालुक्यात आमचा दुधाचा धंदा आहे. संकरित गाई आणि घरच्या दोन गवळाऊ. या वर्षी सरकी ढेप परवडेना, तूर चुनीचं तर नावच नको. गावाजवळचं एक कोंबड्यांचं शेड बंद पडलं. तिथलं ब्रॉयलरचं उरलेलं खाद्य तो माणूस अर्ध्या भावात देतो म्हणतो. म्हणे यात प्रोटीन जबरदस्त, रोज दोन किलो ढेपीत मिसळा अन् दूध पाहा.

भाचा नागपूरला शिकतो. तो म्हणाला, मामा, घालू नका, अशानंच इंग्लंडमध्ये गाई पिसाळल्या होत्या. शेडवाला म्हणतो, काही होत नाही, मीच माझ्या म्हशीला घालतो. पोत्यावर घटक छापले आहेत: मका, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड), तेल, आणि एक 'एमबीएम'. हे एमबीएम काय आहे? जाणकारांनी सांगावं. पोती अजून उचललेली नाहीत.

वऱ्हाडी ठेचा

काहून बाप्पा, गाय काय अंडे देनार हाय का? गायीले कुटार टाका, कडबा टाका, ढेप टाका. कोंबडीचं कोंबडीले राहू द्या. अर्ध्या भावात कोनी काही देत असन त आधी इचाराचं, का देऊन रायला म्हनून.

पशुवैद्य (निवृत्त)

आर्वीकर, भाच्याचं ऐका. एमबीएम म्हणजे मीट अँड बोन मील. कत्तलखान्यातला टाकाऊ भाग आणि मेलेल्या जनावरांचे अवशेष शिजवून, चरबी काढून, वाळवून, दळून केलेली भुकटी. प्रथिनं आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर, आणि सोयापेक्षा पुष्कळदा स्वस्त. म्हणून कोंबडीच्या खाद्यात ती सर्रास पडते. कोंबडी मुळातच किडामुंगी खाणारी, तिला ती पचते.

आता इंग्लंडचं. तिथे ही भुकटी दुभत्या गाईंच्या, विशेषतः वासरांच्या खुराकात घालत. १९८६ साली एका नव्याच रोगाचं निदान झालं. गाई दचकायच्या, दूध काढताना लाथा झाडायच्या, मागचे पाय लटपटायचे, खाऊनपिऊन वाळत जायच्या आणि शेवटी उठेनाशा व्हायच्या. मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर स्पंजासारखी भोकं. बोव्हाइन स्पॉन्जिफॉर्म एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे बीएसई. वर्तमानपत्रांनी 'मॅड काऊ' करून टाकलं. खाद्य हेच कारण आहे हे ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना रवंथ करणाऱ्यांचीच भुकटी घालायला तिथे बंदी झाली. तरीही एकट्या ब्रिटनमध्ये १,८०,००० हून अधिक गाई या रोगाच्या म्हणून नोंदल्या गेल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यापुढच्या भागात आहे. बंदीनंतर जन्मलेल्या गाईंनाही हा रोग झाला, आणि थोड्याथोडक्या नव्हे, ४०,००० हून जास्त. कसा झाला? बंदी होती गुरांच्या खाद्यावर. डुकरं आणि कोंबड्यांच्या खाद्यात भुकटी चालूच होती. त्याच गिरणीत, त्याच मशीनमधून आधी कोंबडीचं खाद्य निघायचं, मग गाईचं. मशीनच्या कोपऱ्यात राहिलेलं गाईच्या पोत्यात जायचं. शेतावरही कोंबडीची पोती गाईपुढे रिकामी होत. शेवटी १९९६ मध्ये कुठल्याच पाळीव जनावराच्या खाद्यात ही भुकटी नको, असा कडक नियम त्यांना करावा लागला. तुमचा शेडवाला तुम्हाला नेमकं तेच करायला सांगतो आहे.

पोल्ट्री_अमरावती

डॉक्टर साहेब, पोल्ट्रीवाल्यांना उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. आम्ही काही लपवत नाही, पोत्यावर छापलेलं असतं. कोंबडीला घालायला परवानगी आहे.

पशुवैद्य (निवृत्त)

परवानगी आहे, मान्य. तीच तर मेख आहे. आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम असा की दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना गोवंश-म्हैसवर्गाच्या किंवा डुकराच्या हाडामांसाचं, आतड्यांचं, रक्ताच्या भुकटीचं खाद्य देता येत नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ तेवढे चालतात. या नियमातून कोंबडी, डुक्कर आणि मासे वगळले आहेत. म्हणजे जे पोतं कोंबडीसाठी कायदेशीर, तेच गाईच्या गव्हाणीत बेकायदेशीर. गाईच्या खाद्यासाठी भारतीय मानक आयएस २०५२ वेगळं आहे, पोत्यावर ते बघायचं.

बीएसई बाजूला ठेवलं तरी ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीवरची औषधं मिसळलेली असतात. ती कोंबडीच्या हिशेबानं असतात. त्यातली काही घोड्याला जीवघेणी ठरतात, आणि मात्रा चुकली तर गुरांच्याही हृदयावर येतात. वर मक्याचा मारा, त्यामुळे पोटात आम्ल होऊन गाय खाणं सोडते. दूध वाढणं राहिलं बाजूला.

शंकासुर

सगळं ठीक, पण भारतात आजवर एक तरी गाय बीएसईनं मेली का? नाही ना. मग हे विलायती भूत आपल्या मानगुटीवर कशाला? त्यांच्या गाईंना त्यांनी मांस चारलं, ते भोगले. आपली गाय कडबा खाते.

सूक्ष्म_नागपूर

शंकासुर, तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि ते आधी सांगून टाकते, म्हणजे कोणी दूध प्यायचं सोडणार नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत भारत बीएसईसाठी 'नगण्य धोका' या गटात आहे. कारण तुम्ही म्हणता तेच: आपली बहुसंख्य गुरं कडबा, कुटार, तणस आणि ढेपीवर जगतात. शिवाय हा रोग असलेल्या देशांतून गुरं आणि हाडामांसाची भुकटी आणायला बंदी आहे. दुधातून बीएसई पसरल्याचा पुरावा नाही. निर्धास्त चहा घ्या.

आता उरलेलं अर्धं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. या रोगाला कारणीभूत ना जिवाणू, ना विषाणू. प्रिऑन नावाचं एक प्रथिन आहे, ते आपल्या सगळ्यांच्या मेंदूत निरोगी रूपात असतंच. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं वेडंवाकडं वळवतं. विरजणाचा थेंब पातेलंभर दुधाचं दही करतो, तसं. त्यात डीएनए नाही, आरएनए नाही. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये हे मांडलं तेव्हा पुष्कळांनी वेड्यात काढलं. १९९७ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं.

त्रास असा की जिवंत नसलेल्या गोष्टीला मारायचं कसं? उकळून जात नाही. फॉर्मेलिननं जात नाही, उलट टिकतं. युरोपात भुकटी करताना १३३ अंश सेल्सिअस, ३ बार दाब आणि २० मिनिटं असा दंडक आहे, तोही धोका कमी करण्यापुरता. मातीला चिकटून वर्षानुवर्षं राहतं. गाईला लागण व्हायला रोगी मेंदूचा एका ग्रॅमहूनही कमी भाग पुरतो. आणि लक्षणं दिसायला सरासरी चार ते पाच वर्षं जातात. म्हणजे आज पोतं चारलं आणि गाय ठणठणीत दिसली, यावरून काहीच सिद्ध होत नाही. शेडवाल्याच्या म्हशीचा दाखला म्हणूनच निकामी आहे.

शंकासुर

पण मुळात रोगी जनावरच नसेल तर भुकटीत प्रिऑन येईल कुठून?

सूक्ष्म_नागपूर

चांगला प्रश्न. दोन वाटा. एक, बीएसईचे काही प्रकार खाद्याशी संबंध नसताना म्हाताऱ्या गाईंमध्ये आपोआप, अगदी क्वचित उद्भवतात. ब्राझीलमध्ये २०२१ साली अशा गाई सापडल्या आणि चीनला जाणारं त्यांचं गोमांस अडकलं. अशी एखादी गाय जगात कुठेही निपजू शकते. ती पुरली गेली तर गोष्ट तिथेच संपते. तिची भुकटी होऊन हजार वासरांच्या खुराकात गेली तर इंग्लंड होतं.

दुसरी वाट मेंढ्यांची. स्क्रेपी हा मेंढ्या-शेळ्यांचा प्रिऑन रोग युरोपात अठराव्या शतकापासून माहीत आहे. भारतातही हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांमध्ये तो आढळल्याची नोंद १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. म्हणजे 'आपल्याकडे नाहीच' असं छातीठोक म्हणता येत नाही.

बकरी_यवतमाळ

ओ ताई, घाबरवता काय! माझी एक बोकडी आठ दिवसांपासून खांबाला अंग घासून राहिली. केस गेले पाठीवरचे. हेच का ते स्क्रेपी?

पशुवैद्य (निवृत्त)

अहो, आधी तिच्या अंगावर हात फिरवून बघा. उवा, गोचीड नाहीतर खरूज असणार. केस बाजूला सारले की दिसेल. कातडी जाड झाली असेल, खपल्या असतील तर खरूज समजा आणि दवाखान्यातून इंजेक्शन घ्या. बाकीच्या बकऱ्यांपासून तिला वेगळी बांधा. स्क्रेपीत खाजेसोबत चाल बिघडते, जनावर महिनोन्‌महिने झुरतं.

बकरी_यवतमाळ

गोचीडच निघाल्या. कानात पन अन् मांडीत पन.

तणस_साकोली

डॉक्टर साहेब, माझा प्रश्न वेगळा आहे पण विषयाला धरून आहे. आमच्याकडे धानाच्या पट्ट्यात उन्हाळ्यात गाई चरायला सोडतो. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा आहे. तिथे जाऊन गाई हाडं चघळत उभ्या राहतात. हाकललं तरी परत. घरी आल्या की चप्पल, पोतं, काहीही चघळतात. ही पण हाडंच ना? मग मशीनमधली भुकटी नको आणि ही चालतात?

पशुवैद्य (निवृत्त)

तणसभाऊ, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

गाय हाड चघळते ती चवीसाठी नाही. तिच्या अंगात फॉस्फरस कमी पडला आहे. वाळलेल्या तणसात, उन्हाळ्यातल्या गवतात तो नसल्यासारखाच. दूध देणाऱ्या आणि गाभण गाईला कमतरता आधी जाणवते, मग ती हाड, माती, चप्पल, दोरी जे मिळेल ते चघळते. त्या हाडातून प्रिऑन येईल ही शक्यता अगदीच दूरची. पण त्याच हाडाला चिकटलेल्या कुजक्या मांसात बोटुलिझमचं, म्हणजे अंग लुळं पाडणारं जिवाणूंचं, विष असू शकतं, आणि ते आपल्या भागातलं खरंखुरं मरण आहे.

ओळख सांगतो. गाय मागच्या पायानं ढिली पडते, मग बसते. ताप नाही. डोळे शुद्धीवर, तुमच्याकडे बघत असते. जीभ हातानं बाहेर ओढली तर तशीच लोंबत राहते, ती आत घेता येत नाही. जबडा सैल, घास तोंडात तसाच. पाणी प्यायला तोंड घालते आणि पाणी नाकातून परत येतं. दोन-चार दिवसांत जाते. एकाच कळपातली दुसरी, तिसरी बसली की लोक म्हणतात, कोणी काही केलं. कोणी काही केलेलं नसतं, सगळ्या त्याच हाडांवर गेलेल्या असतात.

उपाय बाजारात आहे: खनिज मिश्रण, आयएस १६६४ छापलेलं, मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम, ढेपीत किंवा भिजवलेल्या चुनीत. मीठ वेगळं. महिना-दीड महिन्यात चप्पल चघळणं थांबतं. आणि मेलेलं ढोर उघड्यावर टाकणं बंद करायला ग्रामपंचायतीकडून एक कुंपण घातलेली जागा मागा. पुरुषभर खड्डा, वर-खाली चुना, विहीर आणि नाल्यापासून लांब.

जुना_गुराखी

पूर्वी ढोर टाकलं की गिधाडं तासाभरात साफ करत. आम्ही लहानपणी पाहिलं आहे, आभाळातून उतरायची. आता कुत्री खातात आठ आठ दिवस.

सूक्ष्म_नागपूर

गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅकमुळे. दुखण्यावर ते इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. गिधाडांच्या जागी कुत्री वाढली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीज. म्हणजे आपल्याकडे गाय खरोखर 'पिसाळली' तर पहिला संशय त्याचाच.

पशुवैद्य (निवृत्त)

अगदी. यावर मला जरा जोरानं बोलायचं आहे. नोकरीत मी पुष्कळ वेळा पाहिलं: गाय लाळ गाळते, घास गिळत नाही, घोगऱ्या आवाजात हंबरत राहते. घरचे म्हणतात, घशात आंब्याची कोय अडकली. मग घरातला धडधाकट माणूस कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घालतो. हात सोलवटतो. गाय आठवडा-दहा दिवसांत मरते, आणि मग कोणाला तरी आठवतं की महिन्यामागे तिला कुत्रं चावलं होतं.

लाळ गाळणाऱ्या, चाल बिघडलेल्या गाईच्या तोंडात हात घालायचा नाही. घातला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. तिचं दूध कोणी कच्चं प्यायलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बीएसई हळू चालतो, आठवडे आणि महिने. रेबीज भराभर संपवतो. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे. आणि चार-पाच वर्षांच्या वरची गाय ताप नसताना महिनोन्‌महिने दचकते, झुरते, उपचाराला दाद देत नाही, असं दिसलं तर तालुक्याच्या पशुवैद्यकाला कळवा. बीएसई आणि स्क्रेपी दोन्ही २००९ च्या पशुरोग कायद्याच्या यादीत आहेत. जिवंत गाईची खात्रीची तपासणी नाही, मेल्यावर मेंदूचा नमुना घ्यावा लागतो. तो प्रशिक्षित माणसानंच घ्यायचा, कुऱ्हाड घेऊन गावात कोणी डोकं फोडायचं नाही.

वऱ्हाडी ठेचा

अन् मानसाले होते का हे मॅड काऊ? आमच्या गावात एक बुढा भुलून गेल्ता, चारपाच महिन्यात खतम. डॉक्टरनं सीजेडी लिहून देल्लं. लोकं म्हनत मटनानं झालं.

सूक्ष्म_नागपूर

ठेचाभाऊ, मटणानं नाही. सीजेडी म्हणजे माणसाच्या मेंदूचा प्रिऑन रोग. त्याचा नेहमीचा प्रकार आपोआप होतो. जगभर साधारण दहा लाखांत वर्षाला एक-दोन जणांना, बहुतेक साठीच्या आसपास. शाकाहाऱ्यांनाही होतो. बीएसईमुळे होणारा तो वेगळा, व्हेरियंट सीजेडी. ब्रिटिश सरकारनं मार्च १९९६ मध्ये तो जाहीर केला, त्यात तरुण मुलं होती, आणि तिथे १७८ माणसं त्यानं गेली. त्याआधी १९९० मध्ये त्यांचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवायचा प्रयत्न केला होता, बघा, किती सुरक्षित! असे पुरावे देणारे मंत्री सगळीकडे असतात. त्या बुढ्याच्या घरच्यांना सांगा, त्यांच्या स्वयंपाकाचा यात दोष नाही.

शंकासुर

आता मुद्द्यावर येतो. २०१५ पासून राज्यात बैलही कापता येत नाही. म्हणजे म्हातारी जनावरं गोठ्यात किंवा रस्त्यावर मरणार, त्यांची हाडं गोळा करणारे नेणार, आणि ती कुठे जातात कोणाला पत्ता नाही. सरकारनं

धागा व्यवस्थापक

शंकासुर, तुमच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. हाडं कुठे जातात हा प्रश्न विषयाला धरून आहे, तो ठेवला. पक्षांची नावं घेऊन भांडायला दुसरे धागे आहेत.

पशुवैद्य (निवृत्त)

प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्येही आपोआप मेलेली जनावरंच मोठी जोखीम होती, कारण आजारी जनावर त्यातच येतं. आपल्याकडे हाडं बरीचशी जिलेटिनला आणि खताला जातात. जिलेटिनच्या कामातून डायकॅल्शियम फॉस्फेट निघतं, ते खाद्यातही वापरलं जातं. म्हणून खनिज मिश्रण घेताना फॉस्फेट खडकाचं की हाडाचं, एवढं विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

संत्रा_वरूड

खताचं निघालं म्हणून. मी बागेला हाडांचा चुरा देतो, झाडाला किलोभर. पोती गोठ्याच्याच भिंतीला असतात आणि गोऱ्हे ती चाटतात. वास आवडतो वाटतं.

सूक्ष्म_नागपूर

पोती आजच हलवा. चुरा कच्चा की वाफवलेला, हे पोत्यावर असतं. कच्चा असेल तर फाशी रोगाचीही (अँथ्रॅक्स) भीती असते. ओतताना तोंडाला रुमाल बांधा, धूळ नाकात जाऊ देऊ नका. आणि एक विचारू? तुमच्या मातीचा सामू किती?

संत्रा_वरूड

८.१ आला होता. खाली चुनखडी आहे.

सूक्ष्म_नागपूर

मग दादा, तुम्ही पैसे मातीत घालताय. हाडातला फॉस्फरस आम्लधर्मी जमिनीत विरघळतो. सामू सातच्या वर गेला, त्यात चुनखडी असली, की तो जवळपास तसाच पडून राहतो. सिंगल सुपर फॉस्फेट शेणखतात मुरवून द्या.

संत्रा_वरूड

दुकानवाला तर म्हणे संत्र्याला हाडाशिवाय गोडी नाही.

वऱ्हाडी ठेचा

त्याच्या घरी झाडं हायेत का संत्र्याचे?

आर्वीचा गोठा

सगळ्यांचे आभार. पोती नाही घेत. शेडवाल्याला लेबल दाखवलं तर म्हणाला, तुम्ही नाही तर दुसरा घेईल. मी म्हणालो, दुसरा पोल्ट्रीवाला असेल तर खुशाल दे. पण डॉक्टर साहेब, ढेपीचा प्रश्न तसाच राहिला. प्रोटीन आणू कुठून?

पशुवैद्य (निवृत्त)

गव्हाचं कुटार आहे ना? १०० किलो कुटाराला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर देत शिंपडायचं, पायानं दाबायचं, प्लास्टिकनं हवाबंद करून २१ दिवस झाकून ठेवायचं. उघडल्यावर तासभर वारा लागू द्या, अमोनियाचा वास गेला की थोडं थोडं सुरू करा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना नाही. युरियाचं पाणी कुठल्याही जनावराच्या तोंडाशी येता कामा नये, बादली तिथेच पालथी करा. ढेप पूर्ण बंद होणार नाही, पण कमी लागेल.

तणस_साकोली

धानाच्या तणसाला पण हेच माप का?

पशुवैद्य (निवृत्त)

हो, हेच. तुमच्या गाईंना सोबत खनिज मिश्रण चुकवू नका.